कादंबरींतील नवे शब्द

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर, चिखली किंवा खामगांव येथील एखाद्या शाळेंत साने गुरुजींचें ‘श्यामची आई’ वाचावयास घेतलें, म्हणजे वर्गांतील मुलें कपाशीच्या मुलखांत बसून मनानें कोंकणांतील पालगडास जातात. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली आणि १९३५ सालीं प्रसिद्ध झालेली ही आत्मचरित्रात्मक कादंबरी भाषेनें सोपी समजली जाते. तरीही एखाद्या शब्दाशीं मूल अडतें. अशा वेळीं शिक्षकांनीं व आईबापांनीं काय करावें, हा प्रश्न लहान नाहीं; कारण ‘हें पुस्तक आपल्यासाठीं नव्हे’ असें एकदां मुलाच्या मनानें घेतलें, कीं त्याचें वाचनच खुंटतें.

कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहून समोर अर्थ देणें हा रूढ उपाय आहे. मुलें ती यादी पाठ करतात आणि परीक्षा संपतांच विसरतात. यांत दोष त्यांच्या स्मरणशक्तीचा नाहीं. यादींतला शब्द एकटा असतो. कादंबरींतला शब्द माणसांच्या व प्रसंगांच्या संगतींत असतो, आणि ती संगतच त्याचा अर्थ सांगते. याच पुस्तकांत ‘भूतदया’ नांवाचें प्रकरण आहे. भूत म्हणजे पिशाच्च, एवढेंच ठाऊक असलेलें मूल तें नांव पाहून चमकतें. शिक्षकानें लगेच अर्थ न सांगतां प्रकरण पुरें वाचूं द्यावें. पिशाच्च कोठेंच भेटत नाहीं, मुक्या जिवाविषयींचा कळवळा मात्र भेटतो. तेव्हां ‘भूत’ म्हणजे जन्मास आलेला कोणताही जीव, हें मूल आपण होऊन ताडतें. पुढें कीर्तनांत ‘भूतमात्र’ हा शब्द आला, तर तोही त्याला उलगडतो.

‘अळणी भाजी’ या प्रकरणांत तर प्रसंगच कोशाचें काम करतो. आई भाजींत मीठ घालावयास विसरते, आणि वडील एक शब्दही न बोलतां ती भाजी खातात. येथें निराळा अर्थ सांगण्याची गरज उरत नाहीं. ज्यांत लवण नाहीं तें ‘अलवण’, आणि त्यावरून ‘अळणी’, एवढें शिक्षकानें मागाहून जोडावें म्हणजे झालें.

परंतु वऱ्हाडांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. येथील बोलींत ‘ळ’च्या जागीं पुष्कळदां ‘य’ येतो. डोळा हा ‘डोया’ होतो, काळा हा ‘काया’ होतो. ग्रिअर्सन यांच्या १९०५ सालच्या भाषाविषयक पाहणींतही वऱ्हाडीचे नमुने नोंदलेले आहेत. याच रीतीनें घरीं ‘अयनी’ ऐकलेल्या मुलाला छापील ‘अळणी’ परका वाटतो. वस्तुतः शब्द नवा नसतो, त्याचा पोशाख नवा असतो. “मीठ विसरलेल्या भाजीला तुमच्या घरीं काय म्हणतात?” एवढें विचारलें, तर मूल स्वतःच दुवा जुळवितें. उलट त्याच्या ‘डोया’ला वर्ग हंसला, तर तें पुन्हां प्रश्न विचारीत नाहीं, आणि न विचारणाऱ्या मुलाचे शब्द वाढत नाहींत.

हंसणाऱ्यांनीं उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी उघडून पाहावी. तिच्यांतील संवाद वऱ्हाडींत आहेत. तेथें पुण्यामुंबईचा वाचक पदोपदीं थबकतो, आणि शेताला ‘वावर’, कपाशीच्या झाडाला ‘पऱ्हाटी’ म्हणणारें बुलढाण्याचें मूल त्याचा वाटाड्या होतें. दाते व कर्वे यांनीं १९३२ ते १९३८ या काळांत सात विभागांत प्रसिद्ध केलेल्या ‘महाराष्ट्र शब्दकोशां’त प्रांतोप्रांतींच्या शब्दांना स्थान आहे, तें याच न्यायानें.

घरीं करण्यासारखें थोडेंच आहे. अडलेल्या शब्दाखालीं मुलानें पेन्सिलीची बारीक रेघ ओढावी आणि पुढें वाचीत जावें. प्रकरण संपल्यावर अर्थाचा तर्क करावा, मग कोश पाहावा, आणि तर्क कोठें चुकला तें आपल्या शब्दांत सांगावें. दुसऱ्या दिवशीं तोच शब्द बोलण्यांत एकदां आणावा. शेवटीं आजीला विचारावें. कोशांत सांपडलेला शब्द तिच्या तोंडीं निराळ्या उच्चारानें निघाला, तर वहींत दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं लिहावींत.