दिवा तोच, उजेड दीडपट

सकाळी ८

ऑगस्ट म्हणजे नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची आवक. संध्याकाळी क्रेट भरलेल्या पिकअप आळेफाट्यावरून वळतात आणि माळशेज उतरून कल्याणकडे, वाशीकडे लागतात. रात्री पळणाऱ्या या गाड्यांना दुरुस्तीला दिवसच मोकळा असतो, म्हणून फाट्यावरच्या आम्हा वायरिंगवाल्यांचं दुकान या दिवसांत लवकर उघडतं.

आज पहिली गाडी बेल्ह्याकडच्या मामांची. रात्रभर जागलेले डोळे, तरी स्वतःच गाडी घेऊन आले.

"घाटात काही दिसत नाही रे भाऊ. पाऊस असला की रस्त्याची कडसुद्धा कळत नाही. शंभरचे बल्ब टाकून दे."

"बल्बचं नंतर बघू मामा. आहे त्या बल्बला काय मिळतंय ते आधी मोजू."

सकाळी ८.३०

इंजिन चालू, हेडलाईट डिपरवर. बॅटरीच्या टोकांवर मीटर १३.९ व्होल्ट दाखवतो. उजव्या दिव्याच्या होल्डरमागे तार टोचली, तर ११.८.

हे मोजमाप दिवा जळत असतानाच करायचं. होल्डर काढून मोकळ्या टोकांवर मीटर लावला तर तो पूर्ण १३.९ दाखवतो आणि गाडीत काहीच दोष नाही असं वाटतं. प्रवाह वाहत नसला की गळतीही दिसत नाही.

गळती कुठे आहे तेही मीटरच सांगतो. एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या करंटच्या टोकावर : १.६. मग बल्बच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत : ०.५. हिशोब जुळला, २.१ व्होल्ट वाटेत गेले.

मामांना दोन व्होल्ट किरकोळ वाटले. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्के जातो. ६०/५५ वॉटचा एच-४ बल्ब डिपरवर सुमारे १००० आणि अप्परवर १६५० ल्युमेन देतो असं मानतात, ते १३.२ व्होल्टला. ११.८ ला डिपरचे जेमतेम ६८० उरतात. मामा गेला हंगाम एवढ्यावर घाट उतरत होते.

सकाळी १०

बोनेट उघडं ठेवून मामांना तारेची वाट दाखवली. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजमधून डॅशबोर्डच्या आत जातो, लाईटच्या स्विचमधून, स्टिअरिंगखालच्या डिपर स्विचमधून फिरतो आणि पुन्हा बोनेटमध्ये येऊन दिव्यांना मिळतो. दिवा बॅटरीपासून हातभर लांब, पण करंट पाच-सहा मीटर चालून येतो, तोही बारीक तारेतून. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १८ मिलिओहम रोध असतो. दोन दिव्यांचा नऊ अँपिअर प्रवाह पाच मीटर नेला तर पाऊण व्होल्टच्या वर तारेतच जातं. उरलेलं स्विचच्या काळवंडलेल्या पॉइंटवर आणि सैल पिनांवर.

"कॅनॉलच्या टेलला पाणी पोचत नाही, तसं झालंय," मामा म्हणाले. अगदी तसंच. टेलच्या शेतात मोठी मोटर बसवून पाणी वाढत नाही. शंभरचा बल्ब टाकला तर याच तारेतून प्रवाह वाढेल, गळती वाढेल, तार तापेल आणि स्विचचे पॉइंट जळतील. होल्डर वितळलेल्या आणि रिफ्लेक्टरची चकाकी उडालेल्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत असेच बल्ब असतात. शिवाय ते रस्त्यावर कायद्याने चालत नाहीत.

सकाळी ११

सामान मांडलं. १२ व्होल्टचे दोन रिले, एक डिपरला, एक अप्परला. दोन फ्यूज होल्डर आणि त्यांत १५ अँपिअरचे फ्यूज. दोन सिरॅमिकचे एच-४ होल्डर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. तारेच्या बाबतीत मी हट्टी आहे. बाजारात वरचं प्लॅस्टिक जाड आणि आत तांबं नावाला, अशी तार मिळते. टोक सोलून तंतू पाहिल्याशिवाय मी ती दुकानात घेत नाही.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. ३० वर बॅटरीतून थेट आलेला करंट, ८७ वरून दिव्याकडे जाणारा. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल. जुनी वायर आता दिवा पेटवणार नाही, फक्त ही कॉइल ओढेल, आणि कॉइलला अँपिअरचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही. मामांच्या बोटाखालचा स्विच तोच राहील, त्याच्यावरचा भार मात्र उतरेल.

त्याआधी एक खात्री करावीच लागते. काही गाड्यांत स्विच प्लसच्या बाजूला नसतो, अर्थच्या बाजूला असतो. तिथे ही जोडणी अशीच्या अशी चालत नाही. टेस्ट लॅम्प लावून पाहिलं, या गाडीत प्लसवरच आहे.

दुपारी १२

बॅटरीची मायनस तार आधी सोडवली. कामाला लागलो तो जेवणाची वेळ टळली तरी उठलो नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. लांब ठेवला तर मधली तार बिनसंरक्षणाची राहते, आणि पत्र्याला घासून ती सोलली की गाडीच पेटते. रिले पत्र्याला असे बसवले की पाय खाली राहतील, आत पाणी साचणार नाही. माळशेजचा पाऊस आडवा मारतो, वरून झाकणं पुरत नाही. तार सायलेन्सरपासून लांब, पंख्यापासून लांब, पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबर, आणि सगळीकडून फ्लेक्सिबल पाइप.

मूळ वायरिंग मी कुठेही कापलं नाही. डाव्या दिव्याचा जुना कनेक्टर होता तो आता रिलेच्या कॉइलना जोडला. उद्या कुणाला गाडी पहिल्यासारखी करायची असेल तर नवीन जोडणी काढून जुने कनेक्टर दिव्यांना लावले की झालं. गाडी ज्यांच्या पोटापाण्याची आहे, त्यांच्या वायरिंगवर मी माझ्या सोयीसाठी पक्कड चालवत नाही.

दुपारी २.३०

अर्थ. सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. दिव्याची काळी तार फेंडरच्या आत एका बोल्टखाली दाबलेली होती, बोल्टला रंग आणि रंगाखाली गंज. ०.५ व्होल्ट इथे जात होते. दोन्ही दिव्यांची नवीन अर्थ थेट बॅटरीच्या मायनसवर आणली, बोल्ट पॉलिश पेपरने घासून लखलखीत केला आणि वर व्हॅसलीन लावलं.

दुपारी ४

बॅटरी जोडली. रिलेने टक् केलं. होल्डरमागे १३.५.

बल्ब तेच सकाळचे आहेत. ११.८ चे १३.५ झाले, म्हणजे उजेड दीडपटीहून थोडा जास्त. व्होल्टेज वाढलं की हॅलोजनचं आयुष्य घटतं, तेव्हा वर्षाकाठी एखादी जोडी जादा लागेल, हेही मामांना सांगून ठेवलं. आणि बदलताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच तापून तडकते.

त्यांच्या मुलाने फोनवर एलईडी बल्ब दाखवला. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली छोटी वाटी असते, ती वर उडणारा उजेड अडवते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक त्या फिलामेंटची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. त्याच घरात स्वस्तातला एलईडी बसवला की उजेड चौफेर सांडतो. दुकानासमोर पांढराशुभ्र दिसतो, घाटात धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. मुलाला पटलं की नाही कळलं नाही, पण फोन खिशात गेला.

संध्याकाळी ६.३०

मामा नारायणगावहून माल भरून परत आले. मीच तसं सांगितलं होतं, कारण दिवे रिकाम्या गाडीवर लावणं मला मान्य नाही. मागे टोमॅटो चढले की पाटे दबतात आणि नाक उचलतं. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली. डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. नाक एकच अंश उचललं तरी तिथे कड १७ सेंटिमीटर वर चढते, म्हणजे खाली असायचा तो उजेड सरळ समोरच्याच्या तोंडावर. दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला झगमग होता कामा नये, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. ओतूरच्या रस्त्यावर अंधारात दुचाकीवरून घरी निघालेल्या शेतकऱ्याचा डोळा साधारण त्याच उंचीवर असतो. वाढवलेला उजेड त्याला आंधळा करणार असेल तर मी तो वाढवायलाच नको होता.

डाव्या बाजूला कड थोडी वर चढते, ती तशीच हवी. रस्त्याची डावी कड आणि कडेने चालणारी माणसं त्यातच दिसतात. दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवून कड १० सेंटिमीटरवर आणली. रिकाम्या गाडीला उजेड थोडा जवळ पडेल. ते चालेल.

संध्याकाळी ७.३०

पैशांचं बोलणं लगेच संपलं. माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीचा होता. डिपर आणि अप्परला वेगळा रिले, वेगळा फ्यूज दिला आहे, तो घाटाच्या वळणावर दोन्ही एकदम जाऊ नयेत म्हणून. डिपर गेला तर अप्परचा रिले काढून त्याच्या जागी लावायचा, दोन्ही एकाच मापाचे आहेत. फ्यूजची जोडी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. दुकानाचा दिवा मालवला आणि मामांना मोबाईलच्या उजेडात रिले काढायला लावला. पहिल्यांदा पाय वाकडे बसत होते. पुन्हा काढायला लावला, मग बसला. वाशीच्या बाजारात पहाटे पोचायचं असल्याने ते चहाला थांबले नाहीत.