मोटारीचे इंजिन पाण्यावर



देगलूरसारख्या गावी नावेच्या इंजिनावर व्याख्यान ठेवलेले पाहून पुष्कळांना हसू आले असेल. जाहीर पत्रक हाती पडले तेव्हा मलाही आले. पण हा विषय मी निवडलेला नाही. तो इथल्याच तीन तरुणांनी माझ्यापुढे आणून ठेवला, आणि त्यामागचे कारण हसण्यासारखे नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडीचे पाणी गावांत शिरले. हसनाळला माणसे दगावली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांना बचाव पथकाची नाव येईपर्यंत पाण्याने वेढलेल्या घरांत थांबावे लागले. त्यानंतर काही महिन्यांनी हे तिघे माझ्याकडे आले. तिघेही गॅरेजात काम करणारे, हात चांगला असलेले. मी मुंबईला धक्क्याजवळच्या कारखान्यांत नावांची इंजिने दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षे घालवली, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. अपघातात गेलेल्या भारी मोटारींची इंजिने हैदराबादच्या भंगार बाजारात मिळतात. त्यांतले सर्वांत जोरदार आणून एक वेगवान नाव करावी, म्हणजे पुढच्या पुरात बाहेरच्या नावेची वाट पाहायला नको, असा त्यांचा मनसुबा होता.

दोन इंजिने त्यांनी पाहून ठेवली होती. एक स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाडीचे, दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्तीचे. दुसरे जुन्या इनोव्हाचे, अडीच लिटरचे डिझेल, १०२ अश्वशक्तीचे. पोरांचा ओढा पहिल्याकडे होता, आणि तो साहजिकच म्हटला पाहिजे. माझे मत दुसऱ्याकडे पडले. ते का पडले, तेवढेच आज सांगणार आहे.

आपण इनोव्हातून नांदेडला निघालो आहोत असे समजा. सपाट रस्त्यावर, ताशी ऐंशीच्या वेगाने, गाडीला वीस-पंचवीस अश्वशक्ती पुरते. बाकीची शक्ती राखीव असते. पुढच्या ट्रकला मागे टाकताना ती दहा सेकंद लागते, चढावर मिनिटभर लागते. पुढे उतार आला की इंजिन विश्रांती घेते. म्हणजे मोटारीचे इंजिन जन्मभर आपल्या ताकदीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर जगते. कंपनीने छापलेली अश्वशक्ती खरीच असते, पण ती क्वचित काढायची शक्ती असते.

पाण्यावर उतार नाही. नाव म्हणजे कन्नडचा घाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत चढतच राहिलेली गाडी, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. त्यातही पंख्याचा हिशेब निराळा आहे. पंख्याचे फेरे वाढवावेत तशी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण जोर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर लागत असेल, तर ३२०० फेऱ्यांवर जवळजवळ निम्माच लागतो. उलट बाजूने पाहिले तर शेवटच्या थोड्या वेगासाठी निम्मी शक्ती खर्ची पडते, आणि हौशी माणूस नेमका त्या शेवटच्या वेगातच नाव चालवतो.

वेगवान नावेची आणखी एक अडचण आहे. अशी नाव आधी पाण्यात बुडून चालते; मग नाक वर करते, आपणच उठवलेल्या लाटेवर चढते, आणि त्यानंतर पाण्यावरून घसरू लागते. या चढाला मी कुबड म्हणतो. कुबड ओलांडताना वेग कमी आणि भार जास्त असतो. तिथे वरच्या फेऱ्यांतली अश्वशक्ती कामाची नाही. मधल्या फेऱ्यांत किती पीळ मिळतो ते पाहावे लागते. शर्यतीसाठी तयार केलेल्या पुष्कळ इंजिनांची सगळी गंमत वरच्या फेऱ्यांत साठवलेली असते. असे इंजिन कुबडापाशीच धापा टाकते, आणि माणसे बसलेली असली तर नाव वर चढतच नाही.

म्हणून मी तिघांना एक सोपा भागाकार शिकवला. अश्वशक्तीला लिटरने भागा. ऑक्टाव्हियाचे उत्तर येते ११५. इनोव्हाचे येते ४१. हा आकडा इंजिन किती पिळून घेतले आहे ते सांगतो. याच मापाने जगातली काही उदाहरणे पाहू.

इटलीत अकिले कास्तोल्दी नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी ग्रां प्री शर्यतीच्या फेरारीचे साडेचार लिटरचे, बारा सिलिंडरांचे इंजिन आपल्या आर्नो नावाच्या नावेत बसवले, त्याला दोन सुपरचार्जर लावले, इंधन म्हणून मेथेनॉल वापरले, आणि सहाशेच्या आसपास अश्वशक्ती काढली. १५ ऑक्टोबर १९५३ रोजी इझेओ सरोवरावर ही नाव ताशी २४१ किलोमीटरहून अधिक वेगाने गेली आणि ८०० किलोच्या वर्गात विक्रम झाला. आपल्या भागाकाराने हा आकडा १३३ पडतो. पण त्या इंजिनाकडून अपेक्षा काय होती? मोजलेले अंतर जायचे आणि यायचे. काही मिनिटे ते टिकले की काम झाले.

अमेरिकेत नेमकी उलटी वाट धरली गेली. शेव्हरोलेचे ५.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे बिडाचे इंजिन हजारो नावांत गेले. तेच इंजिन काही मोटारींत साडेतीनशेहून अधिक अश्वशक्तीचे म्हणून विकले जाई. नावेसाठी ते बहुधा अडीचशे-तीनशेवर ठेवत. म्हणजे आकडा पन्नासच्या आगेमागे. शक्ती कमी केली ती मुद्दाम. कॅमशाफ्ट सौम्य घातला, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जड धातूचे केले, बेअरिंगच्या टोप्यांना दोनऐवजी चार बोल्ट दिले. कॅमशाफ्ट सौम्य करण्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. जोरदार कॅममध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकदमच उघडे राहतात. नावेच्या सायलेन्सरात थंड करण्यासाठी पाणी सोडलेले असते. मंद फेऱ्यांवर हे इंजिन उलटा श्वास घेते आणि ते पाणी सिलिंडरात ओढते. पाणी दाबले जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पुढे २०१४ मध्ये मर्क्युरी कंपनीने मोटारीचे इंजिन जुळवून घेण्याऐवजी साडेचार लिटरचे, खास नावेसाठीच आखलेले इंजिन बाजारात आणले. ज्यांनी मोटारीची इंजिने पाण्यावर सर्वांत जास्त चालवली, त्यांनीच हा निर्णय घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावर मासेमारीच्या ट्रॉलरांत अशोक लेलँडच्या ट्रकची सहा सिलिंडरांची इंजिने नावेच्या साजात दिसतात. जुन्या ३७० घन इंचांच्या, म्हणजे सुमारे सहा लिटरच्या इंजिनाकडून शंभराच्या आसपास अश्वशक्ती घेतली जाई. भागाकार सतराच्या आत. मुंबईला ही इंजिने दुरुस्तीला येत तेव्हा ती बिघडलेली नसत, झिजलेली असत. बिघडणे आणि झिजणे यांत फरक आहे, तो ज्याला भर समुद्रातून परत यायचे असते त्याला कळतो.

पोरांना मी माझ्याच हातची एक चूकही सांगितली. एका हौशी मालकाच्या नावेत मी टर्बो पेट्रोल इंजिन बसवून दिले होते. धक्क्याला बांधून चालवले, उत्तम चालले. खाडीत पूर्ण वेगाने अर्धा तास गेलो आणि एक पिस्टन वितळला. मोटारीत समोरून वारा येतो, तो इंजिनाला, ऑइलला, टर्बोला, सगळ्यांना थंड करतो. नावेत इंजिन झाकणाखाली कोंडलेले असते. मी पाण्याची व्यवस्था केली होती. ऑइलसाठी वेगळा कूलर घातला नव्हता, आणि टर्बोचे कोरडे, तापून लाल झालेले आवरण तसेच ठेवले होते. त्या दिवशी पिस्टन गेला यात मी सुदैव मानतो. कारण त्याच झाकणाखाली पेट्रोलची नळीही होती.

पेट्रोलच्या वाफेविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. मोटारीखाली पेट्रोल गळाले तर ते रस्त्यावर पडते आणि वाफ वाऱ्याने जाते. नावेचा तळ म्हणजे भांडे. वाफ त्यात साठते. हवेत शेकडा दीड भाग वाफ झाली की एक ठिणगी पुरते, आणि मोटारीचा सेल्फ आणि डायनामो आतून ठिणग्या टाकतच असतात. म्हणून नावेसाठी हे भाग बंदिस्त बनावटीचे मिळतात. दिसायला तेच, किमतीला दुप्पट-तिप्पट. मालक इथेच पैसे वाचवायला पाहतो. इंजिन उलटे भडकले तर ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून हवेच्या तोंडावर जाळीचा अडसर लागतो. अमेरिकेत एप्रिल १९४० नंतर बसवलेल्या आतल्या पेट्रोल इंजिनांना तो सक्तीचाच आहे. शिवाय चावी फिरवण्यापूर्वी चार मिनिटे पंखा लावून तळातली हवा बाहेर काढावी, असा दंडक आहे. आता पुराच्या रात्री, अंधारात, पलीकडून माणसे हाका मारीत असताना चार मिनिटे कोण थांबेल? साध्या हवेत डिझेलची अशी वाफ उठत नाही. इनोव्हाच्या बाजूने माझे मत पडण्याचे हे दुसरे कारण, आणि खरे तर पहिले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मोटारीचा गिअरबॉक्स नावेत चालत नाही. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा तो सगळा जोर दांड्यावाटे इंजिनाला पुढे रेटतो. तो झेलणारे बेअरिंग मोटारीच्या गिअरबॉक्सात नसते. पुढे, मोकळा आणि मागे एवढेच गिअर असलेला, फेरे निम्म्यावर आणणारा नावेचा गिअरबॉक्स घ्यावा लागतो, आणि तो जुन्या इंजिनापेक्षा महाग पडू शकतो. इंजिन मागे झुकवून बसवतात, म्हणून ऑइल चेंबरात आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर नाक वर होताच पंप हवा ओढतो. लेंडी-मांजराच्या गढूळ पाण्यात नदीचे पाणी थेट इंजिनात फिरवू नये. नावेच्या तळाला बाहेरून नळी लावून इंजिनाचे स्वच्छ पाणी त्यातून फिरवावे. रेडिएटरचेच काम, वाऱ्याऐवजी नदी करते.

एवढे सगळे ऐकल्यावर तिघांतला धाकटा म्हणाला, “मग काका, पुरासाठी कोणते घ्यावे?”

पुरासाठी, मी म्हणालो, दोन्ही नकोत. पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा असतात, बाभळी असतात, वाहून आलेली जनावरे असतात. आत पक्के बसवलेले इंजिन आणि तळातून निघालेला दांडा तिथे पहिल्याच बांधावर अडकेल. तिथे रबरी नाव आणि मागे टांगलेले लहान आउटबोर्ड इंजिन हवे. ते उचलता येते, पंख्याला जाळीचे कडे घालता येते, आणि चार माणसे सगळी नाव खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडू शकतात. बचाव पथके अशाच नावा आणतात, त्या काही हौसेने नव्हे. इनोव्हाचे इंजिन करडखेडच्या तलावावर किंवा विष्णुपुरीच्या जलाशयावर, खोल पाण्यात, सामान आणि माणसे नेणाऱ्या नावेला शोभेल. तिथेही २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नावेची नोंदणी आणि तपासणी आलीच.

पोरे थोडी हिरमुसली. पण आठ दिवसांनी इनोव्हाचे इंजिन घेऊनच आली. स्वस्तात मिळाले म्हणाली. गेल्या रविवारी आम्ही त्याचे हेड उघडले. सिलिंडरांत रेघा नाहीत, गॅस्केट मात्र एका ठिकाणी जळालेले आहे. खालची बेअरिंगे अजून पाहायची आहेत. आउटबोर्डसाठी त्यांनी वर्गणीचे पुस्तक छापले आहे; ते आज दाराशी ठेवलेले आहे.