स्टॉकहोमचे वासा संग्रहालय

स्टॉकहोम नगरात प्रवाशाने पाहण्याजोगे पुष्कळ आहे. जुन्या गावठाणातील अरुंद गल्ल्या आहेत, राजवाडा आहे, नगरसभागृहाचा लाल विटांचा मनोरा आहे, आणि आर्टूर हाझेलियुस याने १८९१ साली उघडलेले स्कान्सेनचे खुले संग्रहालयही आहे, जेथे स्वीडनच्या प्रांताप्रांतांतून उतरवून आणलेली जुनी घरे पुन्हा उभी केली आहेत. या सर्वांविषयी पूर्ण आदर राखूनही, ज्याच्या हाती एकच दिवस आहे त्याने तो युरगोर्डेन बेटावरील वासा संग्रहालयात घालवावा असे माझे स्पष्ट मत आहे. कारण राज्यकर्त्यांच्या एका चुकीचे संपूर्ण दप्तर, कागदावर नव्हे तर ओक वृक्षाच्या लाकडात, इतक्या प्रामाणिकपणे जतन करून लोकांपुढे मांडलेले मला अन्यत्र कोठेही आढळले नाही.

राजा दुसरा गुस्ताव आडोल्फ याचे पोलंडशी युद्ध चालू होते आणि बाल्टिक समुद्रावर दरारा बसेल असे आरमार त्याला हवे होते. त्यासाठी वासा ही युद्धनौका बांधण्याचा हेन्रिक हीबर्टसन या डच कारागिराशी करारनामा झाला; पण काम चालू असतानाच तो आजारी पडला व १६२७ मध्ये मरण पावला, आणि पुढील बांधणी त्याचा साहाय्यक हाइन याकोबसन याच्याकडे आली. जहाजाच्या स्थैर्याचे गणित त्या काळी कोणालाच अवगत नव्हते. मिस्त्रीचा अनुभव व हाताची मापे हाच काय तो आधार. अशा स्थितीत एकावर एक अशा दोन मजल्यांवर मिळून ६४ तोफा चढल्या, त्यांपैकी ४८ तर चोवीस पौंडी गोळ्यांच्या होत्या, आणि पाण्यावरचा भाग पाण्याखालच्या भागाच्या मानाने फार जड झाला. तळाशी नीरम म्हणून सुमारे १२० टन दगड भरले होते. ते वाढवावेत तर जहाज अधिक खोल बसून खालच्या रांगेतील तोफांच्या खिडक्या पाण्याला टेकण्याचे भय, असा तो पेच होता. धक्क्याला बांधलेले असतानाच तीस खलाशांना डेकवरून या कडेहून त्या कडेला धावावयास लावून परीक्षा घेण्यात आली, तेव्हा जहाज इतके डोलू लागले की नौसेनानी क्लास फ्लेमिंग याने ती परीक्षाच थांबविली. प्रयाण मात्र थांबविले नाही, कारण राजाचे हुकूम निकडीचे होते आणि राजा स्वतः दूर युद्धभूमीवर होता.

१० ऑगस्ट १६२८ रोजी, किनाऱ्यावर जमलेल्या नगरवासीयांच्या डोळ्यांदेखत, वासा निघाले. सलामी झाडण्यासाठी तोफांच्या खिडक्या उघड्या होत्या. एका झुळुकीने ते कलले, सावरले, दुसरीने पुन्हा कलले, खालच्या खिडक्यांतून पाणी आत घुसले, आणि जेमतेम तेराशे मीटरांचा प्रवास करून ते तळाशी गेले. सुमारे तीस माणसे बुडाली. रीतसर चौकशी बसली, कप्तान सोफ्रिंग हानसन याला अटक झाली, जबान्या घेतल्या गेल्या. तोफा पक्क्या बांधलेल्या होत्या, खलाशी शुद्धीवर होते आणि जहाजाची मापे राजाने मंजूर केलेली होती, एवढे निष्पन्न झाल्यावर शिक्षा कोणालाच झाली नाही. मूळ कारागीर हयात नव्हता, आणि राजाला जाब कोण विचारणार?

पुढे १६६० नंतरच्या दशकात पाणबुड्यांनी घंटेच्या आकाराच्या टोपाखाली हवा धरून, त्या काळोख्या पाण्यात उतरून, पन्नासांहून अधिक तोफा वर काढल्या. नंतर जहाजाचा ठावठिकाणाही लोक विसरले. बाल्टिकच्या पाण्यात मिठाचे प्रमाण अल्प असल्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तेथे तग धरीत नाही, हे अँडर्स फ्रांसेन या अभ्यासकाने हेरले होते. १९५६ साली दोरीला बांधलेल्या त्याच्या नमुने काढण्याच्या हत्याराच्या टोकात काळ्या पडलेल्या ओकाचा तुकडा अडकून आला. मग नौदलाच्या पाणबुड्यांनी बत्तीस मीटर खोलीवर, केवळ हाताच्या स्पर्शाने चाचपडत, पाण्याच्या झोताने चिखल कोरून जहाजाच्या पोटाखालून सहा बोगदे काढले. डोक्यावर शेकडो टनांचे जुने लाकूड, भोवती गाळ, आणि दृष्टी निरुपयोगी. या मंडळींच्या धैर्यापुढे मला जहाजाचे सारे वैभव फिके वाटते. त्या बोगद्यांतून पोलादी दोर ओवून जहाज प्रथम उथळ पाण्यात आणले गेले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी, ३३३ वर्षांनी, ते पृष्ठभागावर आले.

ओले लाकूड तसेच वाळले असते तर आक्रसून तडकले असते. म्हणून पाण्याची जागा घेणारे पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे द्रव्य सतरा वर्षे त्यावर फवारले गेले. आजची वास्तू १९९० साली खुली झाली. आतील प्रकाश मंद आहे, हवेतील आर्द्रता यंत्राने बांधून ठेवलेली आहे. डोळे अंधाराला सरावले की प्रथम दिसतो तो नाळेवरचा झेप घेणारा सिंह, नंतर पिछाडीवरची शेकडो कोरीव शिल्पे, जी एके काळी भडक रंगांनी रंगविलेली होती. जहाजावर चढता येत नाही, पण भोवतीच्या सज्ज्यांच्या पातळ्या अशा योजिल्या आहेत की खालच्या तोफखान्याच्या खिडक्यांसमोर उभे राहून त्यांची पाण्यापासूनची उंची स्वतःच्या डोळ्यांनी अजमावता येते. तेथे घाई करू नये.

जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत: दोन स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, आणि दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या, अकरा इंचांच्या. एकाच धक्क्यावर दोन देशांचे कारागीर आपापल्या मापाने काम करीत होते, आणि जहाजाच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या का नाहीत याचा एक पुरावा तुमच्यासमोर ठेवलेला आहे. बुडालेल्यांच्या अस्थीही येथे आहेत. त्यांतील एका सांगाड्याला वर्षानुवर्षे ‘गुस्ताव’ म्हणत. २०२३ साली आनुवंशिक तपासणीने ती स्त्री असल्याचे सिद्ध झाले. निघताना जहाजावर खलाशांच्या बायकामुलांना काही अंतरापर्यंत मुभा होती, हे कागदोपत्री ठाऊक होते. तिची हाडे पाहताना ते वाक्य अंगावर येते.

समुद्राने राखले ते कोरड्या जमिनीवर राखणे अधिक दुष्कर ठरले आहे. लाकडात मुरलेल्या गंधकाचे आम्ल बनते, लोखंड त्या क्रियेला साहाय्य करते. म्हणून १९६० च्या दशकात बसविलेले पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट अलीकडे एकेक करून काढून त्यांच्या जागी न गंजणाऱ्या पोलादाचे बसविण्यात आले. शिवाय जहाज आपल्याच भाराने हळूहळू खचते आहे. संग्रहालयातील तज्ज्ञ ठराविक काळाने त्याच्या अंगावरील खुणांची अंतरे मोजून हा फरक टिपतात, आणि जुन्या आधारांऐवजी नवा पोलादी आधार उभारण्याचे काम आता त्यांनी हाती घेतले आहे.