आत्ता, आज, की उद्या?

ग्वाल्हेरच्या पडावात रात्री अकरालाही सामसूम नसते. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला फूलबाग आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी, मधून उड्डाणपूल आणि खाली ई-रिक्षांची गर्दी. शिंदेशाहीबरोबर पिढ्यांपूर्वी या शहरात आलेल्या मराठी घरांत आता बऱ्याचदा दोन वयस्कर माणसंच उरलेली असतात. मुलं पुण्याला, बंगळूरला, नाहीतर त्याहूनही लांब. दिवाळीत घर भरतं, फराळ होतो, आणि रात्री कधीतरी बाबा छाती चोळत म्हणतात, "काही नाही रे, चकलीने गॅस धरलाय."

मग ओवा येतो, इनो येतं, पाठ चोळून होते. कुणीतरी म्हणतं, "थोडा वेळ बघू." पडावातून कंपूकडचं जयारोग्य रुग्णालय काही किलोमीटरवर आहे. १९४६ साली सुरू झालेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे, आणि बायका-मुलांसाठी कमलाराजा रुग्णालय आहे. शहरात खासगी रुग्णालयंही पुष्कळ. तरीही रुग्ण उशिरा पोहोचतो, कारण रस्त्यात जातो त्याहून जास्त वेळ घरात "बघू" म्हणण्यात जातो.

घरच्यांनी रोग ओळखायच्या फंदात पडूच नये. गॅस की हार्ट अटॅक, हे ईसीजी आणि रक्ततपासणीशिवाय डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. आपण ठरवायचं ते एवढंच, की दाखवायचं कधी: आत्ता, आज, की उद्या. दीर्घकाळ नेपोलियनच्या सैन्याबरोबर राहिलेला सर्जन दोमिनिक-जाँ लारे याने रणांगणावर हाच नियम घातला होता. जखमीचा हुद्दा बघायचा नाही, जखम किती गंभीर आहे ते बघून क्रम लावायचा. आज मोठ्या रुग्णालयांच्या इमर्जन्सी विभागात रुग्णांची लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी होते, ती याच विचाराने. ही वर्गवारी थोडीफार घरातही करता येते.

आत्ता म्हणजे आत्ता

छातीच्या मधोमध दडपण, आवळल्यासारखं किंवा दगड ठेवल्यासारखं वाटणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, मळमळ, धाप. यातलं काही नव्याने सुरू झालं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, किंवा थांबून पुन्हा आलं, तर वाट बघायची नाही. बायका, मधुमेही आणि वयस्कर माणसं यांची छाती कधीकधी दुखतच नाही. नुसती धाप, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, एकाएकी आलेला विलक्षण थकवा, एवढंच असतं. "आधी सगळ्यांची जेवणं होऊ देत" म्हणत ओट्याशी उभ्या असलेल्या आईकडे म्हणूनच जास्त लक्ष हवं.

हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. म्हणून रुग्ण रुग्णालयाच्या दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघावा, असा जगभरचा दंडक आहे. घरातून निघताना ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खाल्ली तर उपयोगी पडते. पण ॲलर्जी, रक्तस्रावाचा अल्सर असं काही नाही ना, हे फोनवर डॉक्टरांना विचारूनच द्यावी. शेजारच्यांनी दिलेली जिभेखालची गोळी मात्र ठेवू नये. रक्तदाब आधीच घसरलेला असला तर ती आणखी घसरवते.

दुसरी तातडी लकव्याची. संशय आला तर समोर बसवून तीन गोष्टी करायला सांगा. दात दाखवून हसायला सांगा आणि तोंड एका बाजूला वाकडं होतंय का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा आणि एक हात खाली घसरतोय का बघा. मग एखादं साधं वाक्य म्हणायला लावा, "आज घरी चकल्या केल्या" चालेल, आणि जीभ जड झाली आहे का, शब्द भलतेच येतात का, ते ऐका. एकही गोष्ट नव्याने बिघडलेली दिसली तर निघा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं किंवा तोल जाणं हेही याच यादीतलं. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी जायचंच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

लकव्यात गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास मोजतात ते रुग्ण शेवटचा ठीक दिसल्यापासून. रात्री दहाला नीट बोलून झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा उठला, तर हिशेब दहापासून. म्हणून "शेवटचं ठीक कधी पाहिलं?" याचं उत्तर घड्याळ बघून कागदावर लिहून घ्या, डॉक्टर पहिल्या मिनिटात तेच विचारणार. काही रुग्णांत नळी घालून गुठळी ओढून काढता येते आणि त्याला जास्त अवधी मिळतो. पण कुणाला, ते तपासणीनंतरच कळतं. इथे अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही, कारण सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी आहे की रक्तस्राव, ते समजत नाही. पाणीही पाजू नका, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं.

यादी इथे संपत नाही. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी एका क्षणात उसळणं, तापात मान ताठणं किंवा असंबद्ध बोलणं, पाच मिनिटांहून लांबलेली फीट, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, ओठ निळसर पडणं, एखादं औषध किंवा पदार्थ पोटात गेल्यावर चेहरा सुजून श्वास लागणं. गरोदरपणात रक्तस्राव, तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, बाळाची हालचाल मंदावणं. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळायला लागला आणि गिळू शकत असेल तर आधी साखरपाणी, मग बाकीचं.

मूल बोलू शकत नाही तेव्हा

लहान मुलाचा ताप थर्मामीटरवर किती चढला, यापेक्षा मूल कसं आहे ते महत्त्वाचं. १०२ ताप असूनही खेळणारं, पिणारं मूल उद्यापर्यंत थांबू शकतं. अगदी कमी ताप असलेलं पण दूध न ओढणारं, सगळं उलटून टाकणारं, हाक मारली तरी ग्लानीतच राहणारं मूल थांबू शकत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर तो कितीही असो, डॉक्टर लगेच हवेत.

श्वास मोजणं कुठल्याही आईला जमतं. मूल शांत असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे, त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर आत्ता.

ग्वाल्हेरचे ऋतू

'आत्ता'ची ही यादी शहराच्या हवेप्रमाणेही बदलते. दिवाळीच्या आसपास इथे डेंग्यूचे दिवस असतात. घरोघर प्लेटलेटचे आकडे विचारले जातात आणि ताप उतरला की सगळे निःश्वास सोडतात. धोका मात्र ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो. पोटात सारखी कळ, थांबत नसलेली उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गळून जाणं. यातलं एक जरी दिसलं, तरी रिपोर्टची वाट न बघता निघायचं.

दिवाळीचं दुसरं दुखणं फटाक्यांचं. भाजलेल्या जागेवर नळाचं गार पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही नको. चेहरा, हाताचे पंजे, गुप्तांग भाजलं असेल किंवा भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल तर लगेच रुग्णालय. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात पाइपची कार्बाइड गन हे नवं संकट आलं. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो, त्याचा स्फोट करण्याचा हा खेळ. नळीत डोकावणाऱ्या कितीतरी मुलांच्या डोळ्यांना त्यात इजा झाली. असं झालं तर डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि थेट नेत्ररोगतज्ज्ञांकडे न्या. डोळ्यात काही रुतलं असेल तर मात्र धुवायचं नाही, काढायचंही नाही, दाब न देता झाकून न्यायचं.

मग थंडी येते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो; हृदयरोग्याने जानेवारीच्या धुक्यात पहाटेच फिरायला निघायची घाई करू नये. याच दिवसांत दारं-खिडक्या लावून खोलीत सिगडी ठेवली जाते. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, गुंगी आली, तर पहिलं काम सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत येणं, दुसरं रुग्णालय. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. या विषबाधेत तो आकडा चांगलाच दाखवतो.

मे-जूनच्या काहिलीत तापलेल्या अंगाचा माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. तिथे आधी गार करायचं, मग न्यायचं: सावली, ओले कपडे, पंखा, मानेला आणि काखेत बर्फ. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. पावसाळ्यात चंबळच्या या पट्ट्यात साप निघतात. मण्यारीचा दंश रात्री झोपेत होतो, दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखतंय, पापण्या मिटतायत, गिळता येत नाही, एवढंच असतं. झाडफूक नको, चिरा नको, करकचून बांधणं नको. हलू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या.

आज आणि उद्या

सगळंच आत्ताचं नसतं. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची; रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. दोन-तीन दिवसांचा ताप, लघवीची जळजळ, वाढत चाललेली पोटदुखी हे आजचं काम. जुनी पाठदुखी, सर्दी, ठसठसणारी दाढ उद्यावर चालेल. घरच्या यंत्रावर रक्तदाब १६०-१०० दिसला आणि बाकी त्रास नसेल, तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा आणि उद्या डॉक्टरांशी बोला. १८०-१२० च्या वर आकडा आणि जोडीला छातीत दुखणं, धाप किंवा धूसर दिसणं असेल, तर ते पुन्हा आत्ताच्या खणात.

निघताना

छातीत दुखणाऱ्याने स्वतः गाडी चालवू नये, स्कूटरवर मागे बसूही नये. १०८ ला फोन करा, ११२ ही चालतो. घरात मराठी बोलत असलात तरी फोन हिंदीत आणि थोडक्यात: "उम्र अड़सठ साल, सीने में दर्द, पसीना आ रहा है, आधे घंटे से।" मग पत्ता आणि ठळक खूण. एक जण दिवा लावून रस्त्यावर उभा राहू दे, दुसरा औषधांची पिशवी आणि जुनी फाइल घेऊ दे. ट्रेनमध्ये त्रास झाला तर १३९ वर सांगा किंवा टीटीईंना गाठा, पुढच्या स्टेशनवर डॉक्टर बोलावता येतात.

कोपऱ्यावरचं नर्सिंग होम जवळ आहे म्हणून लकव्याचा रुग्ण तिथे नेला आणि सीटी स्कॅन नाही म्हणून पुढे पाठवला, तर मोलाचा तास गेला. चोवीस तास सीटी स्कॅन कुठे होतो, अँजिओप्लास्टी कुठे होते, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवावं.

खर्चाच्या धाकाने पाय अडखळतो, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगितलं, की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्याचे तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. अपघातग्रस्ताला पोहोचवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही. २०२४ पासून सत्तर आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. आईबाबांचं कार्ड काढून ठेवणं हे लांब राहणाऱ्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत उरकण्याचं काम आहे.

त्याच सुट्टीत आणखी एक करा. एका कागदावर १०८, ठरवलेलं रुग्णालय, किल्ली ठेवलेल्या शेजाऱ्यांचा फोन, आईबाबांची औषधं आणि ॲलर्जी लिहून फ्रिजवर लावा. पुण्याहून व्हिडिओ कॉलवर "कसं वाटतंय?" विचारत बसण्यापेक्षा तो शेजारी दहा मिनिटांत पोहोचणं मोलाचं. मध्यरात्री धावपळ करून रुग्णालयात गेलात आणि डॉक्टर हसून म्हणाले, "कुछ नहीं, गैस है", तर ओशाळू नका. पुढच्या वेळी छातीत दुखलं, तरी तितक्याच लगबगीने जा.