अर्धशक्ती आणि सर्किट ट्रेनिंग : किशोर फुटबॉलपटूंच्या व्यायामाची मात्रा

कोल्हापुरात ज्या तालमींच्या आखाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या कुस्ती घुमली, त्याच तालमींच्या नावाने आज फुटबॉलचे संघ मैदानात उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या नावांवर शाहू स्टेडियम गजबजून जाते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारतीय संघातून खेळला. अशा गावात चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याकडे बारा ते सोळा वर्षांचे खेळाडू येतात, यात नवल नाही. त्यांना आपण औषध देतो. परंतु त्यांच्या व्यायामाची मात्रा ठरविण्याचे काम आपले आहे, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढ्याकडेच लक्ष वेधण्याचा आहे.

एक अनुभव प्रांजळपणे नमूद करतो. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील आले. “डॉक्टर, पोराला ताकदीचं काहीतरी द्या. दम पुरत नाही आणि गुडघा दुखतोय म्हणतो,” अशी तक्रार होती. अग्नी, मल, निद्रा, आहार यांची विचारपूस करून मी अभ्यंगासाठी तेल व अश्वगंधा चूर्ण दिले. तीन आठवड्यांनी दुखणे वाढून मुलगा परत आला. तेव्हा कुठे मी त्याला सरावात काय करतोस, असे विचारले. चाळीस बैठका, चाळीस उड्या, तीस जोर, पायऱ्यांची चढ-उतार आणि धाव, अशा पाच फेऱ्या. संघातील वीस वर्षांच्या खेळाडूंना जो आकडा, तोच यालाही. वर्षभरात त्याची उंची झपाट्याने वाढली होती. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने तपासून ऑसगुड-श्लॅटर असे निदान केले. वाढीच्या वयात मांडीचा बलवान स्नायू नडगीच्या वरच्या टोकावरील अपक्व अस्थिभागाला वारंवार ओढतो आणि तेथे शोथ होतो. चूक माझी होती. मी हेतू न शोधता लक्षणाला औषध दिले होते. निदानपरिवर्जनाचा धडा आपण विद्यार्थिदशेतच शिकलेलो असतो.

मुलगा करीत होता त्या पद्धतीस सर्किट ट्रेनिंग म्हणतात. इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात मॉर्गन व अॅडमसन यांनी १९५० च्या दशकात ती विकसित केली. आठ-दहा ठाणी मांडावयाची, प्रत्येक ठाण्यावर एक व्यायाम करावयाचा आणि क्रमाने फेरी पूर्ण करावयाची. फुटबॉलमध्ये खेळाडू सतत एका वेगाने धावत नाही. तो चालतो, संथ धावतो, अचानक वेग घेतो, उडी मारतो, वळतो आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा तेच करतो. स्नायूंचे बल आणि दम यांची एकत्र तयारी अल्प जागेत, अल्प साधनांत होत असल्याने ही पद्धत या खेळास अनुरूप ठरते.

मूळ पद्धतीतील एक तपशील मात्र मैदानावर बहुधा गळून पडतो. मॉर्गन व अॅडमसन यांच्या पद्धतीत सर्वांना एकच आकडा नव्हता. प्रत्येकाची प्रथम परीक्षा घेतली जाई. प्रत्येक व्यायाम तो जास्तीत जास्त किती वेळा करू शकतो हे मोजून त्याच्या निम्मी संख्या त्याच्या सरावासाठी ठरवीत. काही काळाने पुन्हा परीक्षा होई व संख्या बदले.

ही निम्मी संख्या वाचताना कोणत्याही वैद्यास अर्धशक्तीचे स्मरण व्हावे. वाग्भटाने बलवान व स्निग्धभोजी मनुष्यालाही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे; अन्य ऋतूंत त्याहूनही मंद. सुश्रुताने बलार्धाची खूणही दिली : हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागणे, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागणे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि तोंडास कोरड, ही लक्षणे टीकाकारांनी जोडली आहेत.

दोन्ही विचार तंतोतंत एक आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. लीड्सचे अर्ध हे एका ठाण्यावरील आवर्तनांचे आहे. तीन फेऱ्या झाल्या की एकूण काम त्या कमाल संख्येच्या दीडपट होते. आपले अर्ध हे संपूर्ण देहाच्या त्या दिवसाच्या बलाचे आहे. म्हणून संख्या लीड्सच्या रीतीने ठरवावी आणि थांबण्याची वेळ सुश्रुताच्या खुणेने ठरवावी, असे मला वाटते. एका मिनिटात वीस बैठका काढणाऱ्या मुलास दहा द्याव्यात. प्रारंभी एकच फेरी; ती सुखाने झाली तर काही आठवड्यांनी दुसरी, मग तिसरी. फेरीत श्वास तोंडाने सुरू झाला तर तेथेच विश्रांती द्यावी, फेऱ्या शिल्लक असल्या तरीही.

येथे एक आक्षेप संभवतो. वाग्भटाने बाल, वृद्ध, अजीर्णी व वातपित्तरोगी यांस व्यायाम वर्ज्य सांगितला आहे आणि सोळा वर्षांपर्यंतचे वय चरकमते अपरिपक्व धातूंचे आहे. मग या मुलांनी खेळूच नये काय? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते तीव्र शारीरिक हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व अस्थी बळकट करणारे व्यायाम सुचविते. माझ्या अल्पमतीप्रमाणे या निषेधाचा आशय बलापलीकडील श्रमाविषयीचा आहे. अपरिपक्व धातूंवर प्रौढाचा भार टाकू नये, हा त्याचा अर्थ घेतला तर दोन्ही उपदेशांत विरोध उरत नाही. वय, बल, शरीर, देश, काल व अशन यांचा विचार करून व्यायाम करावा, असे सुश्रुतानेही सांगितलेच आहे.

कालाचा विचार आमच्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम ग्रीष्मापर्यंत लांबतो. पौषातील मात्रा वैशाखात चालविली, तर तृष्णा, क्लम, ज्वर, छर्दी ही अतिव्यायामाची लक्षणे दिसू लागतात. ग्रीष्मात फेऱ्या कमी कराव्यात, सराव सकाळी घ्यावा, पाणी जवळ ठेवावे.

औषधालयाच्या मालकांसाठी एक सूचना आवश्यक वाटते. ‘ताकदीचे काहीतरी’ मागणारा पालक प्रथम आपल्याच दुकानी येतो. कुपीलूत स्ट्रिकनीन असते आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ते स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहे. अग्नितुंडी वटी, विषतिंदुक वटी यांसारखे कुपीलुयुक्त कल्प खेळाडूस देणे म्हणजे त्याची कारकीर्द पणास लावणे होय. नमुन्यात द्रव्य आढळल्यास ‘वैद्यांनी दिले होते’ एवढे सांगून खेळाडूची सुटका होत नाही. म्हणून ग्राहक खेळाडू आहे काय, हे विचारूनच कल्प द्यावा आणि घटकद्रव्ये अज्ञात असलेले शक्तिवर्धक तर देऊच नये.

त्या मुलाच्या उड्या काही काळ बंद केल्या, बाकी प्रत्येक ठाण्याची संख्या त्याच्या परीक्षेवरून निम्मी केली, आणि प्रशिक्षकांना भेटून वयानुसार वेगळी कार्डे करण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. वेदना उतरण्यास सुमारे दोन महिने लागले. तेव्हापासून माझ्या रुग्णपत्रिकेत आहार व निद्रा यांच्याखाली ‘व्यायाम : प्रकार, संख्या, फेऱ्या’ असा रकाना आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या पत्रिकेतही तो घालावा, अशी नम्र विनंती. औषधाची मात्रा आपण रतीत मोजतो. बैठकांची मात्राही मोजावयास हवी.