तंबूतला पडदा आणि हातातला पडदा
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील फिरत्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पुसेगावच्या यात्रेत तंबू लागला की ट्रकमध्येच बसविलेल्या यंत्रामागे ते रात्र काढीत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. निदान त्या यंत्राविषयी तरी नीट लिहावे असे वाटले.

वाचकहो, पडद्यावरचे चित्र हलत नसते. फिल्मवरची २४ स्थिर चित्रे एका सेकंदात भिंगापुढे येतात. प्रत्येक चित्र क्षणभर थांबते, पुढचे सरकताना झडप प्रकाश अडविते, आणि आपल्याला ती सलग हालचाल वाटते. मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरांहून अधिक! ती तुटली की अंधारात शिट्ट्या सुरू होत. वडील ब्लेडने टोके कापून जोड देत. त्यात दोन-चार चित्रे कायमची जात. जुन्या प्रिंटमध्ये दाराशी उभा असलेला नायक एकदम खाटेवर दिसतो, तो यामुळेच.

पुढे चित्रपट हार्डडिस्कवर किंवा उपग्रहावरून येऊ लागला. फुजीने तर २०१३ साली चित्रीकरणाची फिल्म बनविणेच थांबविले. नवा चित्रपट कुलूपबंद असतो. ठरलेल्या यंत्रापुरती, ठरलेल्या दिवसांपुरतीच त्याची किल्ली मिळते. एकच जुनी प्रिंट वर्षानुवर्षे फिरविणाऱ्या तंबूला हे कसे परवडावे? मोबाइलने तंबू मारला असे सारे म्हणतात. मला ते पटत नाही. २०१६ साली जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला, तोवर वडिलांचे काम सुटले होते.

मोबाइलने बदलले ते निराळेच. वडिलांना प्रेक्षक आवाजावरून कळे. ‘वन्स मोअर’ झाला की गाण्याचे रीळ पुन्हा लागे. आता आपण कोणत्या व्हिडिओवर किती सेकंद थांबलो हे यंत्र मोजते आणि तसलाच पुढचा आणून ठेवते. एका रात्री मी माझा आणि धाकट्या बहिणीचा मोबाइल शेजारी ठेवून पाहिला. तासाभरात एकही व्हिडिओ सारखा आला नाही.

तथापि तंबूचे गोडवे मी गाणार नाही. तेथे बायका दोरीपलीकडे बसत, आणि घरी लहान मुले असल्याने आईने एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नाही. आता वडील टेंपो चालवितात. रात्री आई मोबाइलवर जुने चित्रपट पुरते पाहते, आणि वडील शेजारी बसून सांगतात, “हां, इथं रीळ बदलायचं.”