उसना आजार

आईच्या पोटातल्या उबेतून बाळ बाहेरच्या गार हवेत येतं आणि पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या रक्तात मोठी खळबळ उडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉइडला चालना देणारं टीएसएच हे संप्रेरक सोडू लागते आणि त्याचा आकडा 60 ते 80 पर्यंत चढतो. मोठ्या माणसाचा टीएसएच साधारण चार-पाचच्या आत असतो. प्रौढाचा असा रिपोर्ट आला तर डॉक्टर लगेच गोळी सुरू करतील. बाळाच्या बाबतीत मात्र हे सगळं ठीक चालल्याचं लक्षण! एका दिवसात हा आकडा झपाट्याने उतरतो.

म्हणूनच बाळाच्या टाचेला टोचून थायरॉइडसाठी रक्त घ्यायचं ते शक्यतो 48 ते 72 तासांनी. फिल्टर पेपरवर वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यातून थायरॉइड तपासण्याची युक्ती 1970च्या दशकात कॅनडातल्या क्यूबेकमध्ये जाँ द्युसो यांनी रूढ केली. थायरॉइड कमी असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि जन्मतः ते कळतही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात.

पण काही बाळांचा आजार त्यांचा स्वतःचा नसतोच, तो आईकडून उसना आलेला असतो. ग्रेव्हज हा थायरॉइड वाढण्याचा आजार असलेल्या आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वार ओलांडून बाळात जातात आणि त्याची थायरॉइड ग्रंथी भडकवतात. आईची ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलेली असेल, आज ती थायरॉइड कमी असल्याची गोळी घेत असेल, तरी प्रतिद्रव्यं तिच्या रक्तात टिकून राहू शकतात. ज्या अवयवावर त्यांचा रोख होता, तो आईच्या शरीरात उरलेलाच नाही, पण बाळाचं हृदय मात्र धडधडू लागतं.

आई थायरॉइड दाबणारं औषध घेत असेल, तर तेही बाळात उतरतं. हे औषध काही दिवसांत निघून जातं, प्रतिद्रव्यं मात्र दर तीन आठवड्यांनी जेमतेम निम्मी होतात. त्यामुळे जन्मतः ठणठणीत दिसणारं बाळ आठवडाभराने अचानक चिडचिडं होतं, वजन धरत नाही. काही महिन्यांत प्रतिद्रव्यं संपतात आणि आजारही संपतो.

आयोडीनची गंमत आणखी निराळी. ते कमी पडलं तर थायरॉइड मंदावते, हे आपण मिठाच्या पुड्यावरही वाचतो. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पातळ त्वचेवर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फार लावलं, तर अंगात मुरलेल्या जादा आयोडीनमुळेही ती काम थांबवते. मोठ्यांची ग्रंथी काही दिवसांत यातून सावरते, पण या बाळांच्या ग्रंथीला ते अजून जमत नाही.

हे सारं नाट्य शेवटी एका अक्षरात आणि तीन अंकांत मावतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-10 मध्ये, ‘पी’ अक्षराखाली जन्माच्या आगेमागे सुरू होणारे विकार येतात. पी 72.0 म्हणजे नवजात बाळाचा गलगंड, पी 72.1 म्हणजे तात्पुरता वाढलेला थायरॉइड आणि तात्पुरता कमी थायरॉइड पी 72.2 मध्ये. जन्मजात आणि कायमचा कमी थायरॉइड असेल तर अक्षरच बदलतं: गलगंडासह ई 03.0, गलगंडाविना ई 03.1. ‘पी’ की ‘ई’, हा प्रश्न खरं तर काळाचा आहे. आजार जाणार की राहणार?

आणि तेच दहाव्या दिवशी अनेकदा कुणालाच सांगता येत नाही. आईचं औषध किंवा प्रतिद्रव्यं कारण म्हणून सापडली तर गोष्ट वेगळी. एरवी गोळी चालू ठेवायची, मूल तीन वर्षांचं झालं की डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे थांबवायची आणि पुन्हा रक्त तपासायचं. ‘तात्पुरता’ हा शब्द खरा ठरायला कधीकधी अशी तीन वर्षं जातात.

तोवर कागदपत्रांत आजाराचा हा कोड नोंदवणाऱ्याने काय लिहायचं? अमेरिकेतल्या नियमांनुसार तो नुसता टीएसएचचा आकडा पाहून आजार ठरवू शकत नाही, निदान डॉक्टरांनीच शब्दांत लिहायला हवं. नवजात तपासणीत काहीतरी वावगं आढळलं, पण निदान पक्कं नाही, यासाठीही आयसीडी-10च्या अमेरिकी आवृत्तीत वेगळा गट आहे, पी 09. अजून कळलेलं नाही, हेही तिथे नोंदवता येतं! ही काटेकोरी वायफळ नाही. ‘तात्पुरता’ चुकून ‘कायमचा’ म्हणून नोंदला, तर मुलाला नको असलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहू शकते. उलट चूक झाली, तर हवी असलेली गोळी बंद पडते आणि त्याची किंमत मेंदू मोजतो.

तेव्हा आईला थायरॉइड कधीही झाला असेल, अगदी ऑपरेशन होऊन गेलं असेल, तरी प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना सांगा आणि बाळाच्या डिस्चार्ज कार्डावर ते लिहून घ्या. ‘तात्पुरता आहे’ असं कुणी म्हणालं म्हणून बाळाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.